फुगडीचाही अभ्यास असतो

 

पोरगी पदवीधर झाली की घरात पुढच्या शिक्षणाची चर्चा होते. डी.एड. करू का, बँकेची परीक्षा देऊ का, एम.कॉम. करू का, असं ती म्हणाली तर कुणी हसत नाही. पण तीच पोरगी म्हणाली, की मला खेळ, करमणूक, लोककला, माणसांचा मोकळा वेळ या विषयात पुढचं शिक्षण घ्यायचंय, तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘खेळायला कशाला कॉलेज लागतंय?’

आज मी याच प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे. बाईला विसावा कसा मिळत गेला, कुणी मिळवून दिला, आणि तिच्या खेळांचा, गाण्यांचा अभ्यास कुणी केला, हे कळलं की त्या पोरीचं म्हणणं वेगळं ऐकू येईल.

सणाच्या आडून सुट्टी

आपल्याकडे बाईला ‘आज सुट्टी घे’ असं कुणी सरळ म्हटलं नाही. तिची सुट्टी देवाच्या नावाने आली. नागपंचमीचंच बघा. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, रानात नांगर धरायचा नाही. म्हणून पुरणाची दिंडं उकडायची. नागाला इजा होऊ नये म्हणून हे नेम, असं आपल्याला सांगितलं गेलं. आता त्याच नेमांकडे कामाच्या अंगाने बघा. विळी बंद, तवा बंद, नांगर बंद. वर्षातून एक दिवस बाईच्या हाताला बऱ्यापैकी उसंत देणारा हा अलिखित कायदाच होता. वर त्या दिवसासाठी लेक माहेरी यायची. झाडाला झोका बांधला जायचा, फेर धरला जायचा, झिम्मा-फुगडी व्हायची.

गौरी-गणपतीचा जागर झाला, भाद्रपद-आश्विनातला हादगा झाला, की पुन्हा तेच. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती पोरींचा फेर, आणि शेवटी खिरापत ओळखायची. मंगळागौरीच्या जागरणात तर सूप, लाटणं, घागर यांचेच खेळ होतात. रोज ज्या वस्तू राबवतात, त्याच त्या रात्री हातात नाचतात. हे कुणी शाळेत शिकवलं नाही. आईचं बघून लेक शिकली, मोठ्या जावेचं बघून धाकटी शिकली.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी आपल्याच भागातून जाते : उंडवडी, बारामती, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. बेलवाडीच्या गोल रिंगणात डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, ते आपण पाहिलंय. एरवी साठीची बाई चारचौघांत धावली तर लोक काय म्हणतील? रिंगणात धावली तर लोक पाया पडतात. रस्त्याच्या कडेला वारकरी बायका-बाप्यांच्या फुगड्या रंगतात, त्यालाही कुणी नाव ठेवत नाही. विठ्ठलाचं नाव घेतलं की खेळायला मोकळीक मिळते.

बारामतीचं आणखी एक नाव इथे घ्यायला हवं. मोरोपंत, जन्म १७२९, मृत्यू १७९४. बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला ते पुराणिक होते. त्यांच्या आर्या पंडितांनी डोक्यावर घेतल्या, पण त्याच मोरोपंतांनी ‘सीतागीत’, ‘सावित्रीगीत’ अशा साध्या, ओवीच्या चालीतल्या रचनाही केल्या. पुराण ऐकायला देवळात जाणं ही त्या काळी बाईला घराबाहेर पडायची एक मान्य वाट होती. तिथे ऐकलेली कथा ती घरी जात्यावर, पाळण्यापाशी, आपल्या शब्दांत पुन्हा गायची.

पण या सणांची बाकीची बाजूही सांगितली पाहिजे. मंगळागौर सवाष्णींची. हळदीकुंकू सवाष्णींचं. नवरा गेलेल्या बाईचा कुंकवाबरोबर खेळही गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं याविरुद्धचा तो ठराव होता, आणि त्यातून त्या बाईची सणासमारंभात परत यायची वाटही थोडी मोकळी झाली. दुसरं, आपल्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या बायका बघा. कोपीत राहणारी, पहाटे कोयता घेऊन फडात जाणारी बाई हंगामाच्या दिवसांत कोणता सण खेळणार? विसावा सगळ्या बायकांच्या वाट्याला सारखा आला नाही, हे या विषयाचं पहिलं वाक्य आहे.

रविवार कसा मिळाला

आज शाळेला, ऑफिसला, बँकेला रविवारची सुट्टी असते. ती आपोआप आलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत बाया-बापे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होते आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही त्यांची मुख्य मागणी होती. रविवार हा खंडोबाचाही वार, म्हणजे जेजुरीकडे ज्यांचे हात जोडले जातात त्या कामगारांना हा दिवस जवळचा.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी, जेव्हा घरातल्या पुरुषांपुढे बोलायची चोरी, तेव्हा गिरणीतल्या दोन बाया दहा हजारांपुढे उभ्या राहिल्या आणि सुट्टीसाठी बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने बायकांचं काम दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास ठरवलं आणि मधे विश्रांती देणं बंधनकारक केलं.

म्हणजे बाईचा विसावा पहिल्यांदा कायद्याच्या कागदावर आला तो असा. पण तो कायदा कारखान्यापुरता. चूल आणि रान त्याच्या बाहेरच राहिलं. गिरणीतून सुटलेली बाई घरी आल्यावर जे करायची, त्याला कायद्याने काम म्हटलंच नाही.

पुरुषांच्या खेळाला नियम, बायकांच्या गाण्याला अभ्यासक

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट झाली. देशी खेळांचे नियम लिहिले जाऊ लागले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे नियम छापले. अमरावतीला १९१४ मध्ये हनुमान आखाडा सुरू झाला, तो पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजला. मद्रासला १९२० मध्ये वाय.एम.सी.ए.चं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय निघालं, मुंबईजवळ कांदिवलीला १९३८ मध्ये सरकारी शिक्षणसंस्था निघाली. मैदान मोजलं, वेळ ठरली, पंच नेमले, की खेळ शाळेत शिरतो. मग त्याचा शिक्षक लागतो, शिक्षकाला पदवी लागते. कबड्डी आणि खो-खो याच वाटेने अभ्यासाचे विषय झाले.

फुगडीची मैदानं कुणी मोजली नाहीत. तिला पंच नव्हता, हारजीत नव्हती. तिच्यातलं ज्ञान गाण्यात आणि अंगात होतं. म्हणून ते अभ्यासात आलं ते दुसऱ्या दाराने, आणि ते दार बहुतेक करून शिकलेल्या बायांनीच उघडलं.

कमलाबाई देशपांडे यांचं उदाहरण घ्या. न. चिं. केळकरांची ही मुलगी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठात शिकली. त्या विद्यापीठाच्या पदवीचं नाव होतं ‘गृहीतागमा’. विद्यापीठ निघालं १९१६ मध्ये, पण त्याला कायद्याने मान्यता मिळाली १९५१ मध्ये. मधली पस्तीस वर्षं लोक विचारत होते, ‘ही पदवी चालते कुठं?’ कमलाबाई ती पदवी घेऊन थेट युरोपात प्राग शहरी गेल्या आणि पीएच.डी. होऊन परत आल्या. एवढं शिकून त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं ते बायकांच्या गाण्यांवर. त्याचं नाव ‘अपौरुषेय वाङ्मय’. हा शब्द वेदांसाठी वापरतात, कुणा माणसाने न रचलेलं अशा अर्थी. कमलाबाईंनी तो जात्यावरच्या, पाळण्यावरच्या, फेराच्या गाण्यांना लावला. पुरुषांनी न रचलेलं, म्हणूनही अपौरुषेय. नुसत्या नावानेच त्यांनी बायकांच्या गाण्याला पाटावर बसवलं.

साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’ नावाने ओव्या गोळा केल्या. सांगली जिल्ह्यातल्या बागणी गावात १९२० मध्ये जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी तर आयुष्यच यात घातलं. त्या आमदार होत्या, खासदार होत्या, आणि महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी सण, खेळ, गाणी, उखाणे, दागिने, कारागिरी यांचे खंड काढले. भोंडला आणि भुलाबाईच्या गाण्यांचं वेगळं पुस्तकच आहे. गावोगावच्या बायांना बोलतं करून लिहून घेतलेला हा ठेवा आहे.

त्यानंतर पुण्यात हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथेच राहिलेले गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं काम हाती घेतलं. त्यांच्याबरोबर खेड्यातल्या बायाच गावोगाव हिंडल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. जमवताना गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. पूर्वीच्या बऱ्याच संग्रहांत ओवी असे, पण गाणारी नसे. इथे ती नावानिशी आली. पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, पण कुणीतरी वेळेवर वही उघडली म्हणून ओव्या उरल्या.

याच ओव्यांतून अभ्यासकांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. दळण हे काम. गाणं हा विरंगुळा. मग पहाटे दळता दळता गाणारी बाई काम करत होती की विसावा घेत होती? पुरुषाचं काम संपतं आणि मग त्याची करमणूक सुरू होते. बाईची करमणूक कामाला चिकटलेलीच असते. शेंगा फोडताना गप्पा, भाकरी थापताना रेडिओ, पोराला झोपवताना गाणं. दिवसातला कोणता वेळ फक्त तिचा, हे सांगता येत नाही. फुरसतीच्या अभ्यासातला हा मोठा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर आपल्याइतकं जवळून कुणाला माहीत असणार?

शिकागोतली शाळा

आता थोडं लांब जाऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात देशोदेशीचे गरीब लोक कारखान्यांत कामाला येत होते. त्यांच्या वस्तीत जेन अॅडम्स आणि एलेन स्टार या दोघींनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ नावाचं सेवाकेंद्र सुरू केलं. तिथे पाळणाघर होतं, वर्ग होते, मुलांना खेळायला जागा होती. जेन अॅडम्स यांना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

त्याच शहरात नेवा बॉइड नावाच्या बाईंनी १९११ मध्ये मुलांच्या मैदानांवर काम करणाऱ्यांसाठी शिक्षणाचे वर्ग सुरू केले. १९२१ पासून हल हाउसमध्ये त्यांची करमणुकीच्या शिक्षणाची शाळा चालली, आणि पुढे त्या विद्यापीठात शिकवू लागल्या. त्या शिकवत काय? वेगवेगळ्या देशांतले पारंपरिक खेळ, फेराची नाचगाणी, नाटुकली. ते खेळ त्यांनी गोळा केले, लिहून ठेवले. परक्या शहरात एकमेकांची भाषा न कळणारी पोरं फेर धरून खेळली की ओळख होते, भांडण मिटतं, लाजरं पोर बोलू लागतं, हे त्यांनी ओळखलं. आज परदेशांत करमणूक आणि मोकळा वेळ या विषयांत एम.ए.पासून पीएच.डी.पर्यंत शिक्षण आहे. त्याच्या पायात अशा बायांनी वस्तीत गोळा केलेले फेराचे खेळ आहेत. आपला हादगा त्या जातीचाच.

घड्याळ काय सांगतं

भारताच्या राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात सांगितलंय, की शेतीत, उद्योगात किंवा इतर कामांत राबणाऱ्या सगळ्यांना पुरेसं वेतन, माणसासारखं जगणं आणि फुरसतीचा पूर्ण उपभोग मिळावा यासाठी राज्याने झटावं. हे कलम घेऊन कोर्टात भांडता येत नाही, ते सरकारला दिलेलं मार्गदर्शन आहे. तरी ‘फुरसत’ ही गोष्ट घटनेत आहे, आणि शेतात राबणाऱ्यांचं नाव घेऊन आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येकाचा हक्क म्हटलाय.

मग प्रत्यक्षात काय? देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये भारतभर वेळेच्या वापराची पाहणी केली. पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाला माणूस काय करतं ते लिहून घेतलं. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं. आणि हात लावतात किती? शंभरात ८१ बायका आणि २६ पुरुष. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. आणि पुरुषांची ९७ वरून ८८ वर आली! गॅस आला, मिक्सर आला, दारात नळ आला, तरी वाटणी फारशी हलली नाही. यंत्राने वाचवलेला वेळ कुठे जातो, हे शोधायला अभ्यासक लागतात.

दुसऱ्यांचा विरंगुळा, आपलं काम

हा विषय आपल्या दोन तालुक्यांत आता रोजगार होऊनही आलाय. बारामती तालुक्यात पळशीवाडीला कृषी पर्यटनाचं केंद्र उभं राहिलं, ते राज्यातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. इंदापूर तालुक्यात भिगवण परिसरात उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला शहरातून गाड्या येतात. भीमेवर धरण झालं, गावं उठली, आणि त्याच पाण्यावर आज मच्छीमार कुटुंबातले लोक पर्यटकांना होडीतून पक्षी दाखवतात.

शहरातला माणूस विसाव्याला येतो. त्याला चुलीवरची भाकरी हवी, पिठलं हवं, ठेचा हवा, मासळीचा रस्सा हवा. रविवार त्याचा. त्या रविवारी पहाटे उठून भाकऱ्या कोण थापतं? पाहुण्यांपुढे फुगडीचा कार्यक्रम करायचा तर मानधन किती, आणि ते कुणाच्या खात्यात? पोस्टरवर फोटो बाईचा, पण केंद्राचा परवाना कुणाच्या नावावर? हे प्रश्न विचारणारं शिकलेलं माणूस आपल्यातलं असेल तर धंद्याची आखणी वेगळी होईल. बाहेरचा सल्लागार पाहुण्यांच्या सोयीचा विचार आधी करतो. आपली लेक राबणारीचाही करेल.

लेकीसाठी वाट

आता व्यवहाराचं बोलू. पोरगी खरंच शिकायचं म्हणाली तर काय? मैदानी खेळाची आवड असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. आणि मग दोन वर्षांचं एम.पी.एड. पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाचं चंद्रशेखर आगाशे महाविद्यालय १९७७ पासून हेच शिकवतं. गाणं, नाच, नाटकाची ओढ असेल तर पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठात लोककला अकादमी आहे. बायकांच्या वेळेचा आणि कामाचा अभ्यास करायचा असेल तर पुणे विद्यापीठातच क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे. पर्यटनाची वेगळी पदव्युत्तर पदवी मिळते. आणि मराठी, इतिहास किंवा समाजशास्त्रात एम.ए. करतानाही प्रबंधाचा विषय आपल्या गावचा हादगा असू शकतो. प्रवेशाच्या अटी आणि फी दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या महाविद्यालयात जाऊन विचारून घ्या.

पोटापाण्याचंही बघायलाच हवं. म्हणून असा विषय घेताना त्याला एका पक्क्या पदवीची जोड असावी : शारीरिक शिक्षण, पर्यटन, समाजकार्य किंवा भाषा. मग शाळा, कृषी पर्यटन केंद्र, वृद्धाश्रम, संशोधन, रेडिओ अशा बऱ्याच ठिकाणी ती उभी राहू शकते.

आणि तिचं पहिलं काम तुम्हीच देऊ शकता. येत्या पंचमीला गटातल्या आजींना बसवा, पोरीला वही घेऊन समोर बसवा. कुठली फुगडी, कुठलं गाणं, कुणी शिकवलं, कुठल्या गावाहून आलं, सगळं लिहू द्या. गाणाऱ्या आजीचं नाव आणि गाव विसरू नका. ज्या बाईला खेळात घेत नव्हते तिलाही विचारा, ती त्या वेळी कुठे बसायची.

दुसरी गोष्ट गटाच्या पुढच्या बैठकीसाठी. प्रत्येकीने एक कागद घ्यावा आणि पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रेघा माराव्यात. एका दिवसाचं काम त्यात लिहावं. जिला लिहिता येत नाही तिचं पोरीने लिहावं. शेजारी घरातल्या पुरुषाचाही तसाच कागद करावा. मग ज्या रेघेत फक्त स्वतःसाठी वेळ होता, तिथे हळदीचं बोट लावावं. बचतीच्या वहीत पैसे मोजतो तशी ती बोटं मोजा, आणि पुढच्या महिन्यात एक तरी बोट वाढवायचं कसं, ते बैठकीत ठरवा.